एकच निरोप, सगळ्यांना

ज्या सेवेवरून हा लेख सुचला ती मी कधीच वापरली नाही. पिंग डॉट एफएम नावाची ती वेबसाइट २००८ साली सुरू झाली तेव्हा मी उधव्याला पाचवीत होतो. आमच्या घरात एकच फोन होता आणि तो बाबांच्या शर्टाच्या खिशात असायचा. २०१२ मध्ये ती बंद पडली तेव्हा मी नववीत होतो, आणि फेसबुक ही तासाचे पैसे मोजून सायबर कॅफेत बघायची गोष्ट होती. पिंगचं नाव मला कळलं ते गेल्या वर्षी, ऑफिसात.

एका ग्राहकाचं छोटंसं काम आलं होतं. त्यांना एक चौकट हवी होती. मजकूर एकदा लिहायचा, बटण दाबायचं, की तो फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, लिंक्डइन, टेलिग्राम अशा सगळ्या ठिकाणी जायला हवा. मी कामाला लागलो. मागे बसणारे एक सीनियर स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हे काही नवीन नाहीये रे. आमच्या वेळी पिंग होतं."

त्या रात्री मी पिंगबद्दल मिळेल ते वाचत बसलो. तेव्हा ट्विटर, फेसबुक, मायस्पेस, लिंक्डइन, फ्लिकर, शिवाय आज नावंही आठवणार नाहीत अशी कितीतरी नेटवर्क्स एकाच वेळी चालू होती. कोणतं टिकेल हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून लोक सगळीकडेच खाती उघडून ठेवायचे. मग एकच वाक्य सहा ठिकाणी जाऊन सहा वेळा लिहायचं? पिंगने हा त्रास मिटवला. वेबसाइटवरून, ईमेलवरून, चॅटवरून किंवा साध्या एसएमएसवरून तुम्ही एक ओळ पाठवायची; पिंग ती तुमच्या सगळ्या खात्यांवर टाकणार. तीसहून अधिक नेटवर्क्स त्याला जोडता येत असत. वापरणाऱ्यांच्या आठवणी वाचल्या की कळतं, त्यांना ते फार मोकळं वाटलं होतं. एकदा बोला आणि सुटा.

जानेवारी २०१० मध्ये सीस्मिक नावाच्या कंपनीने पिंग विकत घेतलं. सप्टेंबर २०१२ मध्ये खुद्द सीस्मिकला हूटसूटने विकत घेतलं, पण तोवर जुनं पिंग गुंडाळलं गेलं होतं. अशा सेवांची मुळातली अडचण कुठल्याही इंजिनिअरला लगेच दिसेल. त्या भाड्याच्या घरात राहतात. एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला काम सांगण्यासाठी जो ठरलेला दरवाजा असतो, त्याला एपीआय म्हणतात. तो दरवाजा उघडा ठेवायचा की नाही हे घरमालक ठरवतो. फेसबुकने १ ऑगस्ट २०१८ पासून बाहेरच्या अ‍ॅप्सना माणसांच्या प्रोफाइलवर थेट पोस्ट टाकणं बंद केलं. ट्विटरने २०२३ मध्ये फुकटचा दरवाजा जवळजवळ लावूनच घेतला आणि दर लावले.

यात एक बारकावा आहे. फेसबुकने दार लावलं ते माणसांच्या प्रोफाइलचं. कंपन्यांच्या पेजेसचं उघडं ठेवलं. आपल्याकडेही असंच काहीसं घडलं. मुंबईतून २००७ साली सुरू झालेली एसएमएस गपशप ही सेवा अनेकांना आठवत असेल. एक एसएमएस पाठवला की तो गटातल्या सगळ्यांना जायचा. स्मार्टफोन यायच्या आधी गावोगावच्या पोरांनी विनोद, क्रिकेटचे स्कोअर, भरतीच्या जाहिराती अशाच वाटल्या. सप्टेंबर २०११ मध्ये ट्रायने एका सिमवरून दिवसाला शंभरच एसएमएस अशी मर्यादा घातली, नंतर ती दोनशेवर नेली. ती कंपनी आजही आहे, पण आता ती बँका, दुकानं आणि कंपन्यांचे संदेश पोहोचवण्याचं काम करते. 'एकच मजकूर सगळीकडे' ही सोय कंपन्यांसाठी टिकली आणि धंदा म्हणून वाढली. साध्या माणसासाठी तिच्यावर मर्यादा आल्या.

हे वाचताना आधी मला राग आला. कंपन्यांना एक न्याय आणि माणसांना दुसरा? मग माझं एक जुनं काम आठवलं आणि रागाची जागा वेगळ्याच प्रश्नाने घेतली. एकच गोष्ट सगळ्यांना एकदम सांगायचा मला हक्क आहे का? की हक्काच्या आधी दुसरं काही येतं?

---

आधी पिंगच्या बाजूने बोलतो, कारण त्या बाजूत दम आहे.

सगळ्यांना एकच सांगणारा माणूस प्रामाणिक असतो, असं आपण मानतो. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ही म्हण आपण कौतुकाने वापरत नाही. मुंबईत एक आणि मतदारसंघात दुसरं बोलणारा पुढारी आपल्याला नको असतो. फेसबुकच्या सुरुवातीच्या काळात मार्क झुकरबर्गने एका पत्रकाराकडे असंच मत मांडलं होतं. त्याचा आशय असा, की ऑफिसातल्यांसाठी एक ओळख आणि मित्रांसाठी दुसरी ठेवणं हे सचोटीत कमी पडण्याचं लक्षण आहे. या विचाराने बघितलं तर पिंग हे सचोटीचं यंत्र ठरतं. बॉसला, मामाला, कॉलेजच्या मित्राला, अनोळखी माणसाला, सगळ्यांना तेच वाक्य. लपवाछपवी नाही.

पण मी ज्या गावात वाढलो तिथे हा विचार चालत नाही.

उधवा तलासरी तालुक्यात आहे. पलीकडे दादरा-नगर हवेली, वर गुजरात. आमच्याकडे घरात वारली, शाळेत आणि कचेरीत मराठी, भिलाड-वापीच्या व्यापाऱ्याशी गुजराती आणि सिल्वासाच्या कारखान्यातल्या सुपरवायझरशी हिंदी, असं एकच माणूस एका दिवसात बोलतो. यात कुणाला काही विशेष वाटत नाही. बाबांचं मोटरसायकल दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे. दुकानासमोर एक लाकडी बाक आहे. गाडी दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाईक त्या बाकावर बसतं.

लहानपणी त्या बाकावर बसून मी बाबांचं बोलणं ऐकलं आहे. समजा, एखाद्या गाडीचं इंजिन गेलं. हे सत्य एकच असतं. पण कारखान्यात रोजावर जाणाऱ्या पोराला बाबा म्हणायचे, "आत्ता खोलू नको, खर्च झेपायचा नाही. एवढा पावसाळा काढ, ऑइल मात्र बघत जा, लांब जाऊ नको." व्यापाऱ्याला पहिल्या वाक्यात आकडा सांगायचे. मास्तरांना नेमकं काय झिजलंय ते पिस्टन हातात धरून दाखवायचे, कारण मास्तरांना समजल्याशिवाय चैन पडत नसे. कॉलेजला गेल्यावर एकदा मी त्यांना तोऱ्यात म्हणालो, "तुम्ही प्रत्येकाला वेगळं सांगता." ते हात पुसत म्हणाले, "तिघांना एका बाकावर बसव आणि विचार. एकाला जरी वाटलं की मी त्याला फसवलं, तर माझं चुकलं."

तेव्हा मी हसलो होतो. आज मला ती चांगली कसोटी वाटते. मी दोघांशी वेगळं बोललो, आणि ते दोघं शेजारी बसून माझं बोलणं ताडून बघायला लागले, तर कुणी फसलेलं निघेल का? निघालं तर तो दुटप्पीपणा. नाही निघालं, तर मी फक्त समोरच्या माणसाकडे बघून बोललो. दोन दातांचा पुढारी या बाकावर टिकत नाही. बाबा टिकतात.

झुकरबर्गच्या मताची चूक मला इथे दिसते. सत्य एकच असायला हवं, इथवर ठीक. पण म्हणून वाक्यही एकच असायला हवं, हे त्यातून निघत नाही. गंमत म्हणजे पिंग बनवणाऱ्यांनाही हे थोडंफार कळलं होतं. ट्विटरला १४० अक्षरांची मर्यादा, ब्लॉगला मर्यादाच नाही. म्हणून त्यांनी पोस्टचे प्रकार पाडले होते: स्टेटस, छोटी नोंद, ब्लॉग. शिवाय मजकुराच्या आधी ठरावीक खूण टाकली की तो ठरावीक ठिकाणीच जायचा. म्हणजे सगळ्यांना एकच सांगायला निघालेलं ते यंत्रसुद्धा हळूहळू "कुणाला सांगायचं आहे?" असं विचारायला लागलं होतं.

---

आता माझं काम सांगतो.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसायला लागले. धुंदलवाडी, हळदपाडा ही नावं तेव्हा पहिल्यांदा राज्यभरच्या बातम्यांत आली. धक्के लहान, पण थांबेनात. १ फेब्रुवारी २०१९ ला एका दिवसात अनेक धक्के बसले, त्यातला मोठा ४.१ क्षमतेचा होता. त्या दिवशी घाबरून पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. घरांना तडे गेले, शाळा बाहेर भरायला लागल्या, सरकारने तंबू दिले.

मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. हॉस्टेलच्या खोलीत बसून दर तासाला घरी फोन करत होतो आणि फोन लागत नव्हता. तेवढ्यात एका मित्राकडून मेसेज आला: आज रात्री अकरा ते तीनच्या दरम्यान पालघर भागात मोठा भूकंप होणार आहे, घरात झोपू नका, पुढे पाठवा.

भूकंप कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी होणार हे जगात कुणालाही सांगता येत नाही. हे मी शिकलो होतो. त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं. तरी मी तो मेसेज पाठवला. गावचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, नातेवाइकांचा, कॉलेजचा, क्रिकेटच्या टीमचा, आणि वर एक ब्रॉडकास्ट लिस्ट. नुसता पाठवला नाही, सुरुवातीला माझी एक ओळ जोडली: "खात्रीची बातमी आहे." ती ओळ का जोडली याचं उत्तर मी गेली काही वर्षं शोधतो आहे. बहुतेक मला वाटलं, एवढ्याने लोक ऐकतील आणि वाचतील. खात्री मला बातमीची नव्हती, भीतीची होती.

मग काय झालं? कॉलेजच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजी आल्या आणि अर्ध्या तासात तिथे कॅम्पस प्लेसमेंटची चर्चा सुरू झाली. क्रिकेटच्या ग्रुपवर कुणीतरी विनोद टाकला. ठाण्याच्या आत्याने "देव पाठीशी आहे" असं लिहिलं. पाड्यावर लोकांनी अंथरुणं उचलली आणि खळ्यावर नेली.

शब्द तेच होते. पुण्यात त्यांची किंमत एक इमोजी पडली आणि उधव्यात एक रात्र.

एक नव्हे, तीन. कारण त्या मेसेजमध्ये तारीख नव्हती, "आज रात्री" होतं. तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाकडून परत आला तेव्हाही "आज रात्री"च होता. तिसऱ्या दिवशीही. फॉरवर्डमधली आज कधी शिळी होत नाही. पहाटे दोनला मला शंका आली म्हणून मी मेसेज डिलीट करायला गेलो. तेव्हा सगळ्यांसाठी डिलीट करायला तासाभराचीच मुदत असायची आणि ती उलटून गेली होती. नसती उलटली तरी माझ्या हातातून पुढे गेलेल्या प्रती मला कुठे दिसणार होत्या?

गॅरेजच्या बाकावर एक आजोबा रोज येऊन बसायचे. नात्याने ते आमचे कुणी नव्हेत. गाडीही नव्हती त्यांच्याकडे, फक्त गप्पांना येत. त्यांना दमा होता. फेब्रुवारीत आमच्याकडे पहाटे चांगलं दव पडतं. तीन रात्री ते पेंढ्यावर गोधडी टाकून उघड्यावर झोपले आणि चौथ्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. आठ दिवस ते तिथे होते. बरे झाले, पण त्यानंतर बाकापर्यंत चालत येणं त्यांना जमलं नाही.

होळीला घरी गेलो तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. त्यांच्याकडे फोन नव्हता, वाचताही येत नव्हतं. मला वाटलं होतं, त्यांना माझ्या मेसेजचं काही माहीत नसेल. ते वारलीत बोलले, मी मराठीत सांगतो. म्हणाले, "तुझ्या बापाने वाचून दाखवलं. म्हणाला, माझा पोरगा सांगतो आहे, शिकलेला आहे. मला विचारायचं होतं तुला, की नक्की का? पण तू तर पुण्याला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

---

त्यांचं दुखणं माझ्यामुळेच झालं असं मी सिद्ध करू शकत नाही. लोक आधीपासूनच घाबरले होते, बरेच जण तसेही बाहेर झोपत होते, आणि तो मेसेज माझ्याशिवायही गावात पोहोचला असता. मी स्वतःला हे सगळं सांगून बघितलं आहे. पण ही सगळी उत्तरं "माझ्यामुळे किती नुकसान झालं?" या प्रश्नाची आहेत. आजोबांचा प्रश्न वेगळा होता: "तुला विचारायचं होतं, पण विचारू कुणाला?"

पूर्वी गावात दवंडी पिटायचे. तीही एकच निरोप सगळ्यांना देण्याची पद्धत होती. पण दवंडीवाला स्वतः चालत यायचा, तुमच्या दारासमोर थांबायचा. "कोणी सांगितलं? कधी?" असं तुम्ही त्याला तिथल्या तिथे विचारू शकत होता. निरोप चुकीचा निघाला तर दुसऱ्या दिवशी त्यालाच त्याच गल्लीतून जायचं होतं. निरोप सगळ्यांना होता, तरी सांगणारा प्रत्येकाच्या समोर उभा होता.

यावरून फोन वाईट आणि जुनं सगळं चांगलं असा निष्कर्ष मी काढत नाही. आमच्याच भागाचा इतिहास तसा काढू देत नाही. मे १९४५ मध्ये झरी गावच्या सभेपासून इथल्या वारली लोकांनी वेठबिगारीविरुद्ध मान वर केली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर किसान सभेचा लढा उभा राहिला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला पाड्यापाड्यांतून निरोप फिरला, की तलवाड्याला गोदावरीबाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी जमा. हजारो माणसं जमली. सभा नव्हतीच. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण गेले. जेठ्या गांगड हे त्यांतले पहिले. ही अफवा जमीनदारांच्या बाजूने पसरवली गेली, असंच लढ्यातले लोक कायम सांगत आले. तलासरीत आजही दर वर्षी १० ऑक्टोबरला त्या हुतात्म्यांची आठवण जागवली जाते.

तेव्हा फोन नव्हते. निरोप पायी गेला, माणसांच्या तोंडून गेला, तरी फसवून गेला. कारण ज्या बाईच्या नावाने तो फिरत होता, तिला विचारायची सोय कुणाकडेच नव्हती. आणि लोक गेले ते मूर्ख होते म्हणून नव्हे. त्यांना तिची काळजी होती म्हणून गेले. अफवा बहुतेकदा काळजीच्या पाठीवर बसूनच प्रवास करते. माझ्या मेसेजचंही तेच झालं.

आणि दुसरं टोकही याच भागातलं आहे. एप्रिल २०२०, लॉकडाऊन. चोर आणि मुलं पळवणारे रात्री फिरतात अशा अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोहोचल्या होत्या. लोक रात्री जागून पहारा देत होते. १६ एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला मारून टाकलं. शंभराहून अधिक लोकांना अटक झाली. त्याआधी जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेपायी पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केलं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं ठरवलं.

मारणाऱ्यांचा गुन्हा मारणाऱ्यांचाच, तो मेसेजच्या माथी मारून चालणार नाही. पण गडचिंचलेची बातमी मी वाचली तेव्हा मला माझी "खात्रीची बातमी आहे" ही ओळ आठवली. त्या अफवांनाही कुणीतरी, कुठेतरी, अशीच एखादी ओळ जोडली असेल. बहुतेक चांगल्या मनाने. त्या रात्रीची अफवा सगळ्यांनी ऐकली होती, आणि ती सांगणारा असा कुणीच नव्हता.

---

मग सगळ्यांना एकदम सांगूच नये का? तसं म्हणणं खोटेपणा होईल. धरणाचं पाणी सोडणार असतील, तर प्रत्येक घराला त्याच्या स्वभावाप्रमाणे वेगळं वाक्य शोधत बसायला वेळ नसतो. २०२३ मध्ये सरकारने मोबाइलवर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली, सगळ्यांचे फोन एकदम वाजले, काही जण दचकलेसुद्धा. ती सोय हवीच. पण तिच्यात काय होतं ते बघा. कोण सांगतंय हे लिहिलेलं होतं. ही चाचणी आहे हे लिहिलेलं होतं. आणि चूक झाली तर त्याच सगळ्या फोनांवर दुरुस्ती पाठवायची ताकद त्याच माणसांकडे होती.

म्हणून माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे. ज्यांना एकदम सांगितलं, त्या सगळ्यांना "ते चुकलं होतं" हेही एकदम सांगता येत असेल, तरच सगळ्यांना सांगायचा मला हक्क आहे. नाहीतर एकेकाला सांगावं, निदान तो मला विचारू तरी शकेल. पुढे पाठवायच्या मजकुरात मी "आज" लिहीत नाही, तारीख लिहितो. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणतो. आणि बटण दाबायच्या आधी ज्याला याची सर्वांत जास्त किंमत मोजावी लागेल असा एक चेहरा डोळ्यांसमोर आणतो. दर वेळी तो एकच चेहरा येतो. त्याच्या अंगावर गोधडी असते.

कंपन्यांना ही सोय टिकली आणि माणसांना नाही, याचाही मला आता तेवढा राग येत नाही. साबणाची जाहिरात चुकीच्या माणसाला गेली तर कुणी उघड्यावर झोपत नाही. कंपनीला ऐकणाऱ्यांचा आकडा पुरतो. माणसाच्या बोलण्यात मात्र ऐकणाऱ्याचा विश्वास अडकलेला असतो. "माझा पोरगा सांगतो आहे," असं कुणी जाहिरातीबद्दल म्हणत नाही.

ऑफिसातलं ते काम पूर्ण झालं. "सगळीकडे पाठवा" हे बटण दोन दिवसांत तयार झालं होतं. मी हट्टाने त्याच्या शेजारी "सगळीकडून मागे घ्या" असं दुसरं बटण मागितलं, आणि त्याला तीन आठवडे लागले. प्रत्येक नेटवर्कचे मागे घेण्याचे नियम वेगळे. कुठे दुरुस्ती चालते, कुठे फक्त पुसता येतं, कुठे दोन्ही नाही. पाठवलेल्या प्रत्येक प्रतीचा क्रमांक जपून ठेवावा लागतो, नाहीतर आपलीच पोस्ट आपल्याला सापडत नाही. मॅनेजर वैतागले, "ग्राहकाने मागितलंय का हे?" मागितलं नव्हतं. तरी मी ते बनवलं. त्यातही एक भोक राहिलंच: लोकांनी पुढे पाठवलेल्या प्रती त्या बटणाने परत येत नाहीत. त्यासाठी अजून तरी कुठलं बटण नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री बाबांचा फोन आला. गावच्या ग्रुपवर काहीतरी आलं होतं, पूल वाहून जाणार असं. म्हणाले, "हे कोण म्हणतंय ते बघ. तुला कळलं तर तसं सांग, नाही कळलं तर नाही कळलं असं सांग. बाहेर चार जण थांबलेत, मला त्यांना काहीतरी सांगावं लागेल."

मी तहसील कचेरीचा नंबर शोधला आणि फोन लावला. तिथे अशी काहीच माहिती नव्हती. मी बाबांना परत फोन करून तेवढंच सांगितलं. पलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला, ते बाहेरच्यांना म्हणत होते, "कचेरीत विचारलं त्याने. त्यांनाही माहीत नाही म्हणतात. आपण एकदा पुलापर्यंत जाऊन बघून येऊ." मग गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.